मीटर कुणाच्या नावावर?

वैमानिक व्हायला किती पैसे लागतात असं विचारलं की लोक आधी वडील काय करतात ते विचारतात. आमचे बाबा गडचिरोली जिल्ह्यात वडसा-देसाईगंजकडच्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, आणि घरची थोडी धानाची शेती. हे कळलं की समोरचा एकतर आकडा जरा खाली आणतो, नाहीतर विषय बदलतो. 50 लाखांपासून सुरुवात करणारे भेटले, ‘सगळं धरून एक कोटी’ म्हणणारेही भेटले. दोघंही खोटं बोलत नाहीत. ‘सगळं’ या शब्दात काय काय धरायचं, एवढाच काय तो फरक.

मी सध्या चंद्रपूरजवळच्या मोरव्याच्या धावपट्टीवर शिकते आहे. शिकते म्हणजे अजून बरीचशी गोंधळलेलीच असते. विमान छोटं, सेस्ना 152. दोन आसनं आणि 110 अश्वशक्तीचं इंजिन. उड्डाणाआधी पंखाखालच्या झडपेतून थोडं इंधन पारदर्शक नळीत काढून उजेडात धरायचं. रंग निळसर हवा, तळाशी पाण्याचा थेंब नको. मग तेल बघायचं, चाकं बघायची, फ्लॅप हाताने चाचपायचे. इथवर सगळं फुकट. इंजिन सुरू झालं आणि विमान जागचं हललं की वेळ मोजायला सुरुवात होते, ती परत येऊन थांबेपर्यंत. जमिनीवर वळायचं ते हातांनी नव्हे, पायांनी. हातांना हे पटत नाही, ते आपले स्टिअरिंगसारखे फिरू बघतात. सर म्हणतात, ‘घाई नको.’ मनातल्या मनात मात्र मिनिटांचा हिशेब चाललेला असतो, कारण ही संथ चाल माझ्याच बिलात जमा होत असते.

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला अशी 200 तासांची उड्डाणं लागतात. त्यातले 100 तास विमानाची जबाबदारी एकट्याने घेतलेले हवेत. शिवाय दिशाज्ञान, हवामान, हवाई नियम, विमानाची तांत्रिक माहिती यांचे पेपर, आणि वर्ग 1 ची वैद्यकीय तपासणी. तास ठरलेले, पण दिवस आपल्या हातात नसतात. हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, त्यात चंद्रपूरचा धूर. इथल्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे, भोवती कोळशाच्या खाणी. डोळ्यांनी बघून उडायचं तर साधारण 5 किलोमीटरवरचं दिसायला हवं. दिसत नसेल तर आम्ही हँगरच्या सावलीत वह्या घेऊन बसतो. उन्हाळ्यात उलटं. पारा 45 च्या वर गेला की हवा विरळ होते, पंखाला उचल कमी मिळते, इंजिनही दमतं, धावपट्टी जास्त लागते. मग भर दुपारी उडायचा प्रश्नच नाही. उड्डाण नसलं तरी खोलीभाडं आणि मेसचे पैसे चालूच असतात.

एवढं होऊन परवाना हातात आला की नोकरी, असं आमच्या घरी सगळ्यांना वाटत होतं, मलाही. इथे आल्यावर ‘टाइप रेटिंग’ कळलं. परवाना मिळाला तरी एअरबस 320 चालवता येत नाही. त्या जातीच्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घ्यावं लागतं, बहुतेक सिम्युलेटरवर, आणि त्याला साधारण 15 ते 25 लाख. बऱ्याचदा तेही उमेदवारानेच भरायचे. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांत सुरुवातीपासून सगळं एकाच पाकिटात मिळतं, पण पाकिटावरची किंमत कोटीच्या घरात जाते. एअर इंडियाने 2024 मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर वर्षाला 180 वैमानिक घडवणारी शाळा जाहीर केली, तेव्हा बाबांनी बातमी कापून ठेवली होती. कंपनीने शाळा काढली म्हणून फी कंपनी भरेलच असं नाही, हे त्यांना मी नंतर सांगितलं.

माझे मामा बल्लारशाहला रेल्वेत लोको पायलट आहेत. सहा हजार अश्वशक्तीचं इंजिन आणि मागे कोळशाचे पन्नासच्या वर वॅगन. त्यांना शिकवलं रेल्वेने, भुसावळला ठेवून, वर विद्यावेतन देऊन. अमुक वर्षं सोडून जाणार नाही असं बंधपत्र मात्र लिहून घेतलं होतं. टाइप रेटिंगचं मी त्यांना सांगितलं तर त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. ‘काहून वो, इंजिन त्यायचं, गाडी त्यायची, अन् शिकाचे पैसे मी कायले देऊ?’ मला उत्तर देता आलं नाही.

मग आजूबाजूला बघायला लागले. चंद्रपूरच्या खाणीत नवा कामगार उतरवायचा तर त्याला आधी प्रशिक्षण द्यावं लागतं. 1966 च्या खाण व्यावसायिक प्रशिक्षण नियमांनी तो भार खाणमालकावर टाकला आहे, आणि त्या काळातली मजुरीही त्यानेच द्यायची. आयटीआय झालेला मुलगा अप्रेंटिस म्हणून लागला की 1961 च्या कायद्याने त्याला विद्यावेतन मिळतं. हवाई दलात तर शिकणाऱ्याला एक रुपया पडत नाही. आमच्या जिल्ह्यांत जोखमीचं काम शिकवण्याचा खर्च काम देणारा करतो, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. धावपट्टीच्या कुंपणाशी येऊन ती थांबते.

कंपन्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. एअरबसचं रेटिंग घेतलेला माणूस उद्या दुसऱ्या कंपनीची एअरबस चालवू शकतो. खर्च एकाने करायचा आणि पीक दुसऱ्याने कापायचं, असं होतं. 2023 मध्ये अकासा एअरचे काही वैमानिक नोटिशीची मुदत न पाळता निघून गेले, उड्डाणं रद्द झाली, आणि कंपनीला मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. वैमानिकांची नोटीस तशीही लांबलचक आहे. 2017 पासून सहवैमानिकाला सहा महिने, कप्तानाला एक वर्ष.

पण सोडून जातात ते फक्त वैमानिकच का? किंगफिशर 2012 मध्ये जमिनीवर आली, जेट एअरवेज 2019 च्या एप्रिलमध्ये, गो फर्स्ट 2023 च्या मे महिन्यात. कंपनी बुडाली की वैमानिकाच्या हाती रेटिंग उरतं आणि कर्जाचा हप्ता उरतो. रेटिंग कपाटात ठेवून टिकत नाही. उडत राहिलं नाही, ठरलेल्या मुदतीत तपासणी दिली नाही, तर ते निकामी होतं आणि पुन्हा पैसे. म्हणजे धंद्यातली जोखीम कंपनीची असायला हवी, ती 22 वर्षांच्या मुलामुलीच्या नावावर चढते.

कर्जाचं ओझं कॉकपिटमध्येही बरोबर येतं. 2009 च्या फेब्रुवारीत अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, 50 माणसं गेली. विमान उचल गमावत असताना कप्तानाने उलटा प्रतिसाद दिला, हे कारण ठरलं. मात्र चौकशीत बाकीचंही बाहेर आलं. कप्तान पैसे भरून सहवैमानिकाचं आसन देणाऱ्या योजनेतून पुढे आला होता, आणि तुटपुंज्या पगाराची सहवैमानिक रात्रभर देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला प्रवास करून कामावर हजर झाली होती. आपल्याकडे 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने घेतलेले वैमानिक सापडले, न उडलेले तास वहीत लिहिल्याचे प्रकारही उघडकीला आले. तासागणिक पैसे मोजणाऱ्याला वहीतला तास प्रत्यक्षातल्या तासापेक्षा स्वस्त वाटू शकतो. ‘आज मी ठीक नाही, उडत नाही’ असं म्हणायची हिंमत वैमानिकाला हवीच. मानेवर हप्ता असला की तेवढंच वाक्य तोंडातून निघत नाही.

आणि उडायला येतं तरी कोण? साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. आमची धानाची जमीन सातबाऱ्यावर आहे, म्हणून बाबा बँकेच्या पायऱ्या तरी चढले. भामरागड, एटापल्लीकडे कित्येक घरांची जमीन वनहक्काच्या पट्ट्याची. 2006 च्या कायद्याने तो पट्टा मुलांना वारसाने मिळतो, पण विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही. जमीन हातून जाऊ नये म्हणून ही तरतूद आहे आणि ती योग्यच आहे. तारण म्हणून मात्र बँकेला तो कागद चालत नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीच्या केंद्राच्या ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्तीत खासगी फ्लाइंग क्लबला वर्षाला 3.72 लाखांची मर्यादा ठेवली होती. तेवढ्यात 200 तासांतले थोडेच बसतात. धावपट्टी मोरव्याला आली म्हणून आकाश गडचिरोलीच्या जवळ आलं, असं म्हणायला अजून वेळ आहे.

इतकं सगळं बघून माझ्यापुरती मी एक रेघ ओढली आहे. परवाना हे शिक्षण आहे. डॉक्टर, इंजिनिअर पैसे भरून शिकतात, तशी मीही त्याचा भार उचलेन. सरकारने तो हलका करावा, हेही म्हणेन. पण एअरबस माझी नाही, मार्ग माझे नाहीत, तिकिटाचे पैसे माझ्याकडे येत नाहीत. ते विमान चालवायला शिकवणं हा कंपनीच्या कामाचाच खर्च आहे, इंधनासारखा. माणूस पळून जाईल याची भीती असेल तर बंधपत्र आहेच. मात्र ते सरळ असावं. तीन-पाच वर्षांची मुदत, दर वर्षी घटत जाणारी रक्कम, आणि कंपनीने काढून टाकलं किंवा कंपनीच बंद पडली तर देणं शून्य. मामांनी तसल्याच एका कागदावर सही केली होती. त्यात त्यांचं काही बिघडलं नाही आणि रेल्वेचंही नाही.

ब्रिटिश एअरवेजने 2023 मध्ये एक अकादमी जाहीर केली, तिच्यात निवडलेल्या उमेदवाराच्या प्रशिक्षणाचा खर्च कंपनीच करते. तिथे जमतं तर इथे का नाही, हे मी वरिष्ठ मुलांना विचारते तेव्हा ते हसतात. म्हणतात, आधी 200 तास तर भर. ते मी भरीनच. पण त्यानंतर एखाद्या कंपनीने नोकरीच्या पत्राबरोबर चेक मागितला, तर सही करण्याआधी मामांचा प्रश्न मी तिथे विचारणार आहे, आमच्याच बोलीत.