लँकेस्टरचे पाव इंच

अमेरिका म्हटली की डोळ्यांपुढे मोटारी उभ्या राहतात. पण पेन्सिल्व्हेनियातल्या लँकेस्टर परगण्यात आमिश शेतकऱ्यांच्या रानांत आजही घोडे राबतात, आणि त्यांच्यामागे मॅकॉर्मिक-डीअरिंगचे ‘नंबर ९’ हे जुने गवतकापणीचे यंत्र खडखडत जाते.

असे यंत्र घ्यायचे झाले तर गंज पाहून नाक मुरडू नये. पात्यांच्या पट्टीचे बाहेरचे टोक धरून मागेपुढे हलवावे. ते ढिले लागले, तर सांधे झिजले समजावे. गवताच्या रेट्याने ते टोक मागे सरते. म्हणून ते मुळातच फुटामागे पाव इंच पुढे ठेवतात. पाच फुटी पट्टीला सव्वा इंच! दोन्ही बाजूंच्या फेऱ्यांत प्रत्येक त्रिकोणी पाते लोखंडी बोटाच्या बरोबर मध्यावर यावे. नाही तर गवत कापण्याऐवजी चुरगळते. मोडके पाते रिव्हेट तोडून बदलता येते. पट्टीला ढकलणारा दांडा मात्र लाकडीच बरा. अडथळा आला की तो मोडतो आणि महागाचे लोखंड वाचते.

कापणीचे ऊन हुकले, तर हिवाळ्यात जनावरांपुढे टाकायचे काय? तिथे पाव इंचाला मोल आहे ते त्यासाठी.