गाव कोणतं?

आमच्या मंडळीची पहिली उपासना 2017 साली वाकडमधल्या एका टू बीएचके फ्लॅटच्या हॉलमध्ये झाली. आम्ही अकरा जण होतो. पास्टर आणि त्यांची बायको, पाच-सहा आयटीवाले, नर्सिंग करणाऱ्या दोन मुली आणि मावशी. मावशी आसपासच्या सोसायट्यांमध्ये स्वयंपाकाची कामं करायच्या. दहाची उपासना बाराला संपली की त्या आमच्यासाठी खिचडी टाकायच्या. शेजाऱ्यांना आवाज जाऊ नये म्हणून आम्ही खिडक्या लावून गायचो, त्यामुळे खिचडीचा वास तासभर हॉलमध्येच असायचा.

आम्ही मराठी ख्रिस्ती लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतो. इतरांसाठी हा शब्द लग्नातला किंवा पंगतीतला. ‘मंडळी बसली का जेवायला?’ आमची आजी म्हणायची, चर्च म्हणजे इमारत, मंडळी म्हणजे माणसं. इमारत नव्हतीच, त्यामुळे आमच्याकडे ती अडचण आली नाही.

नव्या शहरात, नव्या वस्तीत मंडळी सुरू करण्याला इव्हँजेलिकल जगात ‘चर्च प्लांटिंग’ म्हणतात. हा आता अभ्यासाचा विषय आहे. त्याचे कोर्स आहेत, पुस्तकं आहेत, कॉन्फरन्स आहेत. आमच्या टीमने सगळ्यात जास्त वाचलं ते टिम केलर यांना. त्यांनी 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये रिडीमर प्रेस्बिटेरियन चर्च सुरू केलं आणि तिथल्या अनुभवावर पुढे ‘सेंटर चर्च’ नावाचं जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की जुनी चर्चेस हळूहळू आपल्याच लोकांमध्ये गुंतत जातात. शहरात नव्याने आलेल्या माणसापर्यंत नवं चर्चच पोचतं. शहराचा तिरस्कार करू नका, त्याच्या भल्यासाठी राबा. बाबेलमध्ये पकडून नेलेल्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने पत्रातून हेच सांगितलं होतं. हिंजवडीत बारा तास काम करून पीजीवर परतणाऱ्या मला ते एकदम पटलं. मीही पकडून आणलेलीच होते, फक्त पगार चांगला होता.

2019 पर्यंत आम्ही साठ जण झालो आणि एका शाळेचा हॉल भाड्याने घेतला. मग कोविड आला, सगळं झूमवर गेलं. 2022 मध्ये पुन्हा जमलो तेव्हा पास्टरांनी विचारलं, “पुढे काय?”

मी टेस्टिंगमध्ये काम करते, एक्सेल माझ्या हाताला बसलेलं आहे. प्लॅन मीच केला. एका कॉलमचं नाव होतं ‘कोणासाठी?’. त्याखाली मी लिहिलं : वय 25 ते 35, आयटी, पुण्याबाहेरून आलेले, इंग्रजीत सहज असणारे. सकाळी दहाला हॉटेलच्या बँक्वेट हॉलमध्ये इंग्रजी उपासना. मराठी उपासना शाळेतच, पण संध्याकाळी चारला, कारण पास्टर एकच.

यामागे थिअरीही होती. डोनाल्ड मॅक्गॅव्हरन हे ‘चर्च ग्रोथ’ या विचाराचे जनक मानले जातात. त्यांचा जन्म 1897 मध्ये आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या दमोहचा. मिशनरी म्हणून त्यांनी मध्य भारतात अनेक वर्षं काढली आणि इथे जे पाहिलं त्यावरून 1955 मध्ये ‘द ब्रिजेस ऑफ गॉड’ लिहिलं. त्यांचं निरीक्षण असं : माणसं एकेकटी नाही, नात्यागोत्यासकट विश्वासात येतात. जात, भाषा, वर्ग यांची कुंपणं ओलांडावी लागली नाहीत तर लवकर येतात. मग एकसारख्या लोकांची मंडळी बांधा, ती वाढेल.

ती वाढलीच. वर्षभरात इंग्रजी उपासनेला एकशे वीस जण येऊ लागले. मराठी उपासना साठावरून पंचवीसवर आली. मीटिंगमध्ये आम्ही एकूण आकडा दाखवायचो, एकशे पंचेचाळीस.

आता जे सांगायचं आहे ते मी त्या मीटिंगमध्ये कधी बोलले नव्हते. इंग्रजी उपासना मला आवडायची, कारण तिथे कोणी ‘गाव कोणतं?’ विचारत नसे.

मराठी मंडळीत हा प्रश्न तिसऱ्या मिनिटाला येतो. प्रेमानेच येतो. पण मी ‘नेवासा तालुका’ म्हटलं, आडनाव सांगितलं, की समोरच्याला माझे खापरपणजोबा गावात कुठे राहायचे ते कळतं. नगर भागात एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक महार आणि मांग समाजातले. बाप्तिस्म्याने नावं बदलली, शाळा मिळाली, आजोबा मास्तर झाले. पण वस्ती तीच राहिली आणि मंडळीतही कोण कुठला हे सगळ्यांना ठाऊक राहिलं. बँक्वेट हॉलमध्ये मात्र केरळची मुलगी, नागालँडचा मुलगा आणि मी, तिघेही फक्त ‘पुण्यात जॉब करणारे’. मॅक्गॅव्हरनच्या कुंपणाच्या आत मला पहिल्यांदा मोकळं वाटत होतं.

मावशीही नेवासा तालुक्यातल्याच. माझ्या आजोळापासून दोन गावं सोडून.

2023 च्या पावसाळ्यात एका रविवारी त्या बँक्वेट हॉलच्या दारात आल्या. मी साउंडच्या टेबलाशी होते. दारावरच्या मुलाने हसून त्यांना पाण्याची बाटली दिली आणि सांगितलं की मराठी सर्व्हिस चारला आहे, शाळेत. त्यांनी मान हलवली, आत एकदा नजर टाकली. ती माझ्यावर थांबली की नाही, मला ठरवता येत नाही. मी फेडर खाली-वर करत राहिले. त्या गेल्या. मी उठून दारापर्यंत जायला वीस पावलं होती.

तीन आठवड्यांनी मी काळेवाडीत त्यांच्या खोलीवर गेले. काहीतरी माफी वगैरे मागायची तयारी केली होती. त्यांनी चहा ठेवला.

“तो पोरगा चांगलाय. पाणी दिलं त्यानं,” त्या म्हणाल्या.

“मावशी, तुम्ही चारला का येत नाही?”

“रविवारी संध्याकाळी दोन घरी पाहुणे असतात पोरी. कोण सोडतंय? सकाळी दहाला मी मोकळी असते. पहिल्यापासून दहाचीच तर होती ना आपली उपासना.”

“पण तिथे सगळं इंग्रजीत असतं.”

“असू दे की. मला प्रवचन नव्हतं ऐकायचं. मंडळीत बसायचं होतं.”

एक्सेलमध्ये मी भाषेचा विचार केला होता, वयाचा केला होता, पार्किंगचासुद्धा केला होता. रविवारी चारला कोणाला सुट्टी नसते, हा कॉलमच नव्हता.

त्या रात्री मी करिंथकरांस पहिले पत्र काढलं. अकरावा अध्याय प्रभुभोजनाच्या वेळी दर वेळी वाचतात, त्यामुळे पाठ आहे असं वाटायचं. पण त्याच्या आधीचा आणि नंतरचा मजकूर एका शहरातल्या मंडळीचं भांडण आहे. करिंथ बंदराचं, पैशाचं शहर. काही जण आधी जेवून घेत, काहींना उपाशी राहावं लागे. पौल चिडून लिहितो की याला प्रभुभोजन म्हणताच येणार नाही, एकमेकांसाठी थांबा. मंडळी कशी वाढवावी याबद्दल त्या अध्यायात काही नाही. कोणासाठी थांबावं एवढंच आहे.

पुढच्या मीटिंगमध्ये मी दारावरचा प्रसंग सांगितला, साउंडच्या टेबलासकट. गाव कोणतं हेही सांगितलं. पास्टर बराच वेळ गप्प होते. एका ब्रदरचं म्हणणं होतं की भावना ठीक, पण दोन भाषांत उपासना केली तर नवे लोक कंटाळून जातील. तो चुकीचं बोलत नव्हता. मी त्याला नगरची गोष्ट सांगितली. रूफस अँडरसन हे अमेरिकन बोर्डाचे सचिव 1854-55 मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले, नगरलाही. मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा, हे तत्त्व त्यांनी आणि इंग्लंडच्या हेन्री व्हेन यांनी मांडलं. जगभरच्या चर्च प्लांटिंगच्या पुस्तकांत ते आजही असतं. “आपण तिन्ही करतो,” मी म्हटलं, “पण मावशी त्या ‘स्वतः’मध्ये आहेत का?”

ठरलं ते एवढंच : महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला सगळे एकत्र, शाळेच्या हॉलमध्ये. दोन्ही भाषा, प्रभुभोजन, मग जेवण.

पहिल्या महिन्यात उपासना अडीच तास चालली. अनुवाद मीच केला आणि वाईट केला. एसी नव्हता. इंग्रजीवाल्यांपैकी पंधराएक जण नंतर आलेच नाहीत. त्यातली दोघं माझ्या जवळची होती आणि अजून मला त्यांचा राग येत नाही, कारण त्यांना काय हवं होतं ते मला माहीत आहे. मराठीतले काही जुने लोकही कुरकुरतात की ड्रम्सनी कान बधिर होतात. आज एकूण आकडा एकशे दहाच्या आसपास अडकला आहे.

जेवणाच्या रांगेत एका आजींनी मला विचारलं, “गाव कोणतं गं?” मी सांगितलं. माझ्या मागे ताट घेऊन उभ्या असलेल्या नागालँडच्या मुलाने विचारलं, त्या काय म्हणाल्या? मी सांगितल्यावर तो आजींकडे वळून हिंदीत स्वतःच्या गावाबद्दल सांगायला लागला. आजींना त्यातलं निम्मंही कळलं नसावं. त्यांनी त्याला आणखी खिचडी वाढायला लावली.

आता रावेतला दुसरी मंडळी सुरू करायचं चाललं आहे. शीट पुन्हा माझ्याकडेच आहे. ‘कोणासाठी?’ हा कॉलम मी ठेवला आहे, त्याशिवाय काम होत नाही. त्याच्या शेजारी एक नवा घातला आहे : ‘या वेळेला कोण येऊ शकणार नाही?’ तो भरायला मावशींना फोन लावते.