बग्गीचं स्टिअरिंग

ब्रूस मेयर्स यांनी 1964 साली कॅलिफोर्नियात बीटल मोटारीचं इंजिन नि सुटे भाग घेऊन फायबरग्लासची बग्गी उभी केली. 1967 मध्ये तिनं मेक्सिकोतलं ला पाझ ते तिहुआना हे खडतर अंतर 34 तास 45 मिनिटांत कापलं.

घरी बग्गी बांधणारा मात्र आधी इंजिनाच्या मागे लागतो. हात घालावा तो स्टिअरिंगला!

बीटलचा जुना स्टिअरिंग बॉक्स झिजला, की स्टिअरिंग फिरवूनही गाडी क्षणभर ढिम्म. म्हणून रॅक अँड पिनियन बसवतात. पण उंचवट्यावर चाक उचललं गेलं, की रॅकला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचं टोक कमानीत फिरतं. रॉड जितका आखूड, तितकं चाक आपोआप जास्त वळतं. त्यामुळे दोन्ही रॉड मधोमध जोडता येतील असाच रॅक घ्यावा. ब्रॅकेट वेल्ड करण्याआधी सस्पेन्शन पूर्ण वरखाली करून चाकांची दिशा मोजावी, आणि टाय रॉडच्या नटांना कॉटर पिन हवीच.