रकाना

खो-खोत बसणं हाही खेळच असतो. पाटीवर आठ जण उकिडवे बसतात, एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे, आणि नववा पळतो. पाठीवर थाप पडून ‘खो’ ऐकू आला की बसलेल्यानं असं सुटायचं, जणू तो कधी बसलाच नव्हता. ज्याला हे कळत नाही त्याला बसलेला खेळाडू रिकामा वाटतो. २०२२च्या दिवाळीत एकानं मला नेमकं तेच म्हटलं आणि मी त्याच्या डोक्यात बाटली घातली.

आमचं गाव धाराशिव जिल्ह्याच्या भूम तालुक्यात, बालाघाटाच्या माळावर. दसरा झाला की आई-अण्णा कोयता घेऊन कारखान्यावर जायचे, मी आजीपाशी. शाळेत मैदान म्हणजे मुरूम, आणि खांब म्हणजे लिंबाचे दोन ओंडके. एका सरांना खो-खोचं वेड होतं. ते फक्कीनं रेघा आखायचे आणि आम्ही गुडघे सोलून घ्यायचो. खांबावर सूर मारायला मी तिथंच शिकलो. डाव्या हातानं खांब धरायचा, पाय खांबाच्या मुळाशी रोवायचा आणि बाकीचं सगळं अंग हवेत फेकायचं. पळणारा दोन हातांवर असतो आणि तुमची बोटं त्याच्या टाचेपर्यंत पोचतात. पोचली नाहीत तर छातीवर आपटायचं. पहिल्या वर्षी मी बहुतेक वेळा आपटलोच.

धाराशिव म्हटलं की लोकांना तुळजाभवानी आठवते, दुष्काळ आठवतो. आम्हाला सारिका काळे आठवायची. ज्या घरात एका वेळच्या जेवणावर दिवस काढावा लागला, तिथून ती भारताची कर्णधार झाली. २०१६ला गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या संघानं सुवर्ण जिंकलं, आणि २०२०चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला तेव्हा खो-खोला तो बावीस वर्षांनी मिळत होता. तोवर ती तुळजापूरला क्रीडा अधिकारीही झाली होती. आमच्या डोक्यात हिशेब पक्का बसला होता: खेळा, पदक आणा, नोकरी घ्या. राज्यात खेळाडूंना सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. आमच्याकडची पोरं नकाशापेक्षा तो शासन निर्णय जास्त ओळखतात.

मीही जिल्हा, विभाग, राज्य असा चढत गेलो. २०२२ला अल्टिमेट खो-खो लीग निघाली आणि माझं नाव एका संघात आलं. संघाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, त्यांचा यात काही दोष नाही. करार सगळ्यात खालच्या गटातला होता, पण आमच्या घरात तेवढे पैसे एकरकमी कुणी पाहिले नव्हते. ऑगस्टभर पुण्याच्या बालेवाडीत होतो. मातीऐवजी मॅट, नऊऐवजी सात मिनिटांची पळती, आणि एक ‘वझीर’, जो पाठलागात उलट फिरू शकतो. खो-खोच्या मूळ नियमात उलट फिरलात की फाउल. लहानपणी ज्याबद्दल सरांची छडी खाल्ली, त्याबद्दल इथं टाळ्या पडत होत्या.

खेळलो किती? थोडाच. बहुतेक सामने मी बाकावर काढले. ४ सप्टेंबरला ओडिशा आणि तेलुगू योद्धाजची अंतिम लढत झाली. शेवटच्या मिनिटांत ओडिशा मागं होती, सूरज लांडेनं सूर मारून तीन गुण काढले आणि सामना ४६-४५ असा फिरला. त्या सुरात मला आमच्या शाळेचा मुरूम दिसला.

गावात परतलो तेव्हा वेशीत हलगी. फ्लेक्सवर माझा फोटो आणि त्याखाली माझ्यापेक्षा मोठे आठ-दहा पुढाऱ्यांचे फोटो. पैशातून आईचं गहाण पडलेलं मंगळसूत्र सोडवलं, बोअरवर नवी मोटर टाकली. इथपर्यंत ठीक होतं. मग हप्त्यावर बुलेट घेतली. तिच्यामागोमाग मित्र आले, मित्रांमागोमाग ढाबा. बालेवाडीत रोज कुणीतरी उठवायचं, वजन करायचं, काय खायचं ते सांगायचं. गावात मला सांगणारं कुणी नव्हतं, आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं नसतं.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ढाब्यावर शेजारच्या गावचा एक जण हसत म्हणाला, “टीव्हीवर लई बघितलं गड्या तुला. नुसता बसलेलाच दिसलास!” माझ्या हातात बाटली होती. त्याला सात टाके पडले. आधी कुणी ढकललं, कुणी शिवी दिली, असलं मी वर्षभर लोकांना सांगत फिरलो. आता सांगत नाही. त्यानं हात उचलला नव्हता.

गुन्हा दाखल झाला. कलम ३२४, जोडीला ५०४ आणि ५०६. आठवड्यात दोन्ही गावच्या जाणत्यांनी बसून मिटवलं, मी दवाखान्याचा खर्च दिला, पाया पडलो. मला वाटलं संपलं. वकील म्हणाले, “पारावर मिटलं रे. पण ३२४ आता कोर्टात आपसात मिटत नाही. उच्च न्यायालयात जाऊन रद्द करून आणावं लागतं.” खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला, फी ऐकूनच मी गप्प बसलो.

तोवर पोलीस भरती निघाली होती. २०२३च्या जानेवारीत मैदानी झाली. सोळाशे मीटर, शंभर मीटर आणि गोळाफेक, पन्नास गुणांची. खेळाडूला त्यात काय अवघड? लेखीही निघाली, खेळाच्या प्रमाणपत्राची पडताळणीही सुरळीत झाली. यादीत नाव लागलं. अण्णांनी त्या दिवशी कोयता उचलून आढ्याला खोचला.

मग साक्षांकन नमुना भरायचा आला. नाव, पत्ते, शिक्षण, आणि त्यात एक रकाना: आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? पेन टेकवून मी किती वेळ बसलो आठवत नाही. बरोबरचा म्हणाला, “मिटलंय की ते. ‘नाही’ लिही.” मी ‘नाही’ लिहिलं.

चारित्र्य पडताळणीत ते निघणारच होतं. निवड रद्द झाली. वकिलांनी मला तेव्हा अवतार सिंग खटल्याचा २०१६चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समजावला. खरं लिहिलं तर अधिकाऱ्यांनी प्रकरण किती गंभीर ते पाहून ठरवायचं असतं. लपवलं तर ते लपवणंच अंगावर येतं. म्हणजे ‘होय’ लिहिलं असतं तर नोकरी मिळालीच असती असं नाही. पण निदान कुणीतरी विचार केला असता.

गुडघ्याचं थोडक्यात सांगतो. २०२३च्या दिवाळीनंतर, लीगच्या दुसऱ्या हंगामाची तयारी करताना लिगामेंट गेलं. सोलापूरला एमआरआय, मग ऑपरेशन, बुलेट विकली. हंगाम कटकला झाला, गुजरातनं जिंकला. मी खाटेवर होतो. लोक हळहळतात ती या गुडघ्यासाठी. मला त्याचं फारसं वाटत नाही. गुडघे खेळात जातातच.

१९ जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिल्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. भारताच्या मुलींनी नेपाळला ७८-४० हरवलं, पोरांनीही नेपाळलाच ५४-३६. मुलींच्या संघात आमच्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. मी तो सामना शाळेच्या ओट्यावर मोबाईलवर पाहिला, भोवती बावीस पोरं. सर निवृत्त झाल्यापासून त्यांचा सराव मीच घेतो, मानधनाशिवाय. पोट दोन म्हशींवर आणि ठिबकच्या दुकानातल्या कामावर चालतं. अण्णांचा कोयता आढ्यावरून खाली आलाय.

गेल्या महिन्यात ज्याला बाटली मारली तो त्याच्या पोराला घेऊन मैदानावर आला. पोरगं दहा वर्षांचं, पायानं चपळ. बाप म्हणाला, “याला खांब शिकव.” कपाळावरच्या केसांतली खूण त्यानं झाकलेली नव्हती. मी पोराला पाटीवर बसवलं.

खटला अजून चालू आहे. पुढची तारीख गुरुवारी आहे, त्या दिवशी सराव सकाळी सहाला.