बंद गाडी आणि चालू मंडळी

चालत्या गाडीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बंद गाडीकडे मात्र सगळा गाव थांबून बघतो. त्यातही रस्त्यात बंद पडलेली गाडी वेगळी आणि दारात बंद पडून राहिलेली गाडी वेगळी. पहिलीचं दुखणं ठेच लागलेल्या माणसासारखं असतं. चार लोक धावत येतात, धक्का मारतात आणि हात झटकून आपापल्या वाटेने जातात. दुसरीचं दुखणं अंथरुणाला खिळलेल्या माणसासारखं असतं. समाचाराला येणारा प्रत्येक जण एकेक औषध सांगून जातो, चहा पिऊन जातो आणि जाताना "आता वय झालं हो" असंही पुटपुटतो.

आमची गाडी दुसऱ्या प्रकारातली. नाव प्रीमियर पद्मिनी. इटलीच्या फियाट अकराशेचा हा कुर्ल्यात वाढलेला अवतार. १९७० च्या दशकात तिचं पद्मिनी असं बारसं झालं, पण लोकांनी शेवटपर्यंत तिला 'फियाट'च म्हटलं. लग्नात मुलीचं नाव बदललं तरी माहेरची माणसं तिला जुन्याच नावाने हाक मारतात, तसं. १०८९ सीसीचं इंजिन, चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर आणि ओढायला एक चोक. ही गाडी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९२ च्या एप्रिलमध्ये घेतली. तेव्हापासून दर रविवारी ते ती स्वतः धूत आणि स्वतः चालवत. मागे बसलेल्यांना दार हळू लावण्याची सूचनाही स्वतःच देत.

मार्च २०२० मध्ये सगळा देश जागच्या जागी उभा राहिला, तशी गाडीही राहिली. पुढे देश हळूहळू चालू लागला. मग २०२१ ची लाट आली आणि तो पुन्हा बसला, पुन्हा उठला. गाडी काही उठली नाही. अण्णाही उठले नाहीत. तसे ते ठणठणीत होते, पण दोन वर्षांत बाहेर पडायची सवय मोडली होती. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस एकदा गॅलरीतल्या खुर्चीत बसला, की त्याला उठवायला तसंच कारण लागतं.

ते कारण सरकारने दिलं. जुन्या मोटारीची नोंदणी पुन्हा करण्याची फी १ एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर जाणार, असं जाहीर झालं. मोटारीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नवी. २००७, २०१२, २०१७ अशी हजेरी लावत आमची गाडी नेमकी २०२२ च्या एप्रिलात पुन्हा उभी राहणार होती.

"चार हजार चारशे रुपये वाचतील," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "३१ मार्चच्या आत करून टाक."

"अहो, पण ती चालायला नको का?" आमची ही म्हणाली. तिचंही चूक नव्हतं. भंगारवाला दोनदा येऊन पंधरा हजारांची बोली लावून गेला होता. शिवाय सोसायटीत पार्किंगच्या जागेला हल्ली खोलीइतकं मोल आलं आहे. अण्णा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मार्चअखेर सुरू झाली तर ठेवू. नाहीतर दे त्याला." आणि त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. बराच वेळ पान उलटल्याचा आवाज मात्र आला नाही.

मी खाली जाऊन किल्ली फिरवली. 'कट्' असा एकच आवाज झाला. जुन्या कारकुनाने वर न बघता "उद्या या" म्हणावं, तसा.

तेवढ्या आवाजावर सोसायटी गोळा झाली. मराठी माणसाचा सामुदायिक पुरुषार्थ गणपतीच्या मंडपात आणि गाडीच्या धक्क्यात दिसतो. आठ जणांनी पाठ लावली. दुसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकांनी हात न लावता "एक, दो, तीन" म्हणण्याची जबाबदारी घेतली. गाडी तसूभर हलली नाही. दोन पावसाळ्यांत ब्रेक गंजून चाकांना चिकटले होते. आठ जणांपैकी एकाची पाठ मात्र चांगलीच हलली आणि तो आठवडाभर तिरका चालत होता.

मग मी बॅटरीवाल्याला बोलावलं. त्याने बॉनेट उघडलं, बॅटरीकडे पाहिलं आणि डोळे मिटले. "गेली." मी उगाचच टोपी नसताना डोक्याला हात लावला. त्याचं निदान बरोबर होतं. बॅटरी वापरली नाही तरी आपली आपण उतरत जाते आणि उतरलेल्या अवस्थेत फार दिवस राहिली, की आतल्या शिशाच्या प्लेटा पांढऱ्या पडतात. मग तिला कितीही चार्ज करा, ती काही धरून ठेवत नाही. साडेचार हजार रुपये देऊन नवी बॅटरी बसवली. किल्ली फिरवली. सेल्फ असा गरजला, की गॅलरीत अण्णा उभे राहिले. इंजिन फिरलं, फिरलं, फिरतच राहिलं. सुरू काही झालं नाही. अण्णा पुन्हा बसले.

"माझं काम झालं," बॅटरीवाला पैसे मोजत म्हणाला. "इंजिन फिरतंय ना? सुरू होत नाही, ते दुसरं खातं."

दुसऱ्या खात्याचे अधिकारी म्हणजे वायरमन. त्यांनी बॉनेटमध्ये डोकं घातलं आणि बाहेर काढलं ते उंदराचं घरटं हातात घेऊन. सीटमधली भरण, आमच्या लाइट बिलाचा एक तुकडा आणि वायरींची सालं वापरून केलेलं ते बांधकाम पाहण्यासारखं होतं. "तीन पिढ्या राहून गेल्यात," वायरमन म्हणाले. नवी वायरिंग आणि नवी कॉइल असे बत्तीसशे झाले. त्यांनी प्लग काढून बॉडीला टेकवला आणि निळी ठिणगी उडवून दाखवली. "करंट फस्क्लास. आता सुरू झाली नाही, तर इंजिनवाल्याला बघा."

मोटार दुरुस्तीचा आणि वैद्यकीचा धंदा सख्ख्या भावांचा आहे, याची मला तेव्हा खात्री पटली. दाताच्या डॉक्टरकडे गेलं, की सगळं दातामुळे. पोटाच्या डॉक्टरकडे गेलं, की सगळं पोटामुळे. प्रत्येकाचं निदान खरं असतं, प्रत्येकाचं बिल त्याहून खरं असतं आणि पेशंट होता तिथेच असतो.

मेहुण्याने सांगितलं, "कशाला या फुटकळ लोकांच्या नादी लागता? मोठ्या ठिकाणी फोन करा." मी एका वातानुकूलित वर्कशॉपला फोन लावला. एका गोड मुलीने मॉडेल विचारलं. मी सांगितलं. बराच वेळ टक्‌टक् ऐकू आलं.

"सर, हे मॉडेल आमच्या सिस्टिममध्ये येत नाही."

"अहो, पण ती इथे समोर उभी आहे."

"हो सर, पण सिस्टिममध्ये नाही."

तरीही त्यांनी टाय लावलेला एक तरुण पाठवला. त्याच्या हातात स्कॅनर होता. तो स्टिअरिंगखाली वाकून त्याची पिन लावायची जागा शोधू लागला. दहा मिनिटांनी उठला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर, नाडी बघायला गेलं आणि पेशंटला हातच नाही, असा भाव होता. "सर, याला कॉम्प्युटरच नाहीये!" तो म्हणाला. पोरगा सज्जन होता. त्याने पैसे घेतले नाहीत, उलट गाडीबरोबर स्वतःचा एक फोटो काढून घेतला.

त्यानंतर आले ते गॅरेजवाले. यांनी किल्लीसुद्धा फिरवली नाही. टायरला पायाने दोनदा ठोकलं आणि जाहीर केलं, "इंजिन खोलावं लागेल." मराठी भाषेत ही चार अक्षरं फार महाग आहेत. पिस्टन, रिंगा, वॉल्व्ह, झालंच तर क्लच. बोलता बोलता आकडा चाळीस हजारांवर गेला. मी "का?" असं विचारलं. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "साहेब, खोलल्याशिवाय कसं कळणार?"

तारीख होती २४ मार्च. रात्री मी हिशेब मांडला. चार हजार चारशे वाचवण्यासाठी सात हजार सातशे खर्च झाले होते आणि चाळीस हजार दारात उभे होते. ही काही बोलली नाही. नुसता भंगारवाल्याचा नंबर लिहिलेला कागद तिने टीव्हीवरून उचलून टेबलावर ठेवला. अण्णांनी जेवताना गाडीचा विषय काढला नाही. त्यांनी भातही पुन्हा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी, शेवटचा प्रयत्न म्हणून, मी नाना पेठेत गेलो. मोटारीचे सुटे भाग मिळण्याचं पुण्यातलं हे जुनं ठिकाण. तिथल्या एका दुकानदाराने माझी कर्मकहाणी ऐकली आणि काहीही न विकता एका बोळाकडे बोट दाखवलं. बोळात एक म्हातारे मिस्त्री स्टुलावर बसून चहा बशीत ओतत होते. मी सगळं सांगितलं. बॅटरी, वायरिंग, कॉइल, पिस्टन, रिंगा. त्यांनी बशी संपवली आणि आजवर कुणीच न विचारलेला प्रश्न विचारला.

"किती दिवस उभी हाय?"

"दोन वर्षं."

"मग तिला काय झालेलं नाय," ते उठत म्हणाले. "चालत्या गाडीचं काहीतरी तुटतं, साहेब. उभ्या गाडीचं काय तुटत नाय. समदं चिकटतं."

ते आले एक पिशवी घेऊन. पिशवीत चार पाने, एक पक्कड, बारीक पॉलिश पेपर आणि एक रिकामी बाटली. पहिल्यांदा चारही चाकं खोलून त्यांनी ब्रेक सुटे केले. मग टाकीतलं पेट्रोल काढून माझ्या नाकाखाली धरलं. पेट्रोलचा वास जाऊन जुन्या वॉर्निशचा वास येत होता. पेट्रोल पडून राहिलं, की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे डिंकासारखा चिकटा राहतो. शिवाय पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल मिसळलेलं असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. तो डिंक कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये बसला होता. जेटचं भोक सुईच्या अग्राएवढं; त्यात एक कण अडकला तरी कारभार बंद. पेट्रोल पंपाचा रबरी पडदा वाळून पापडासारखा झाला होता. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटवर बुरशीसारखा थर होता. मिस्त्रींनी सगळं धुतलं, पुसलं, घासलं. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडलं, लहान पोराच्या कानात तेल घालतात तसं. मग हाताने इंजिन दोन-चार वेळा फिरवून घेतलं.

टाकी स्वच्छ व्हायची होती, म्हणून त्यांनी ती बाटली ताज्या पेट्रोलने भरली, बॉनेटला उलटी टांगली आणि तिची नळी कार्ब्युरेटरला जोडली. आमची गाडी सलाइन लावून पडलेली पाहून सोसायटी पुन्हा जमली. जोशीकाका "एक, दो, तीन" म्हणायच्या तयारीत उभे होते.

मी किल्ली फिरवायला बसलो. मिस्त्रींनी मला थांबवलं. "तुम्ही नको. ही रोज चालवायचं कोन?"

मी वर गॅलरीकडे पाहिलं.

"त्यांना बोलवा. हिचा चोक किती वढायचा, ते हात सांगतो. डोकं सांगत नाय."

अण्णा जिना उतरून आले. दोन वर्षांत पहिल्यांदा, भिंतीला धरून, एकेक पायरी. ते सीटवर बसले, आरसा सारखा केला (गाडी जागेवरून हलणार नव्हती, तरी केला), चोक अर्ध्याहून जरा जास्त ओढला आणि किल्ली फिरवली. गाडी एकदा खोकली. दुसऱ्यांदा खोकली. तिसऱ्यांदा असा काही धूर सोडला, की पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचे वाळत घातलेले कपडे परत धुण्यात गेले. आणि मग ती सुरू झाली. अण्णांनी हळूहळू चोक आत ढकलला, आवाज एकसारखा झाला. ते खिडकीतून बाहेर वाकले आणि दोन वर्षं मनात ठेवलेलं वाक्य म्हणाले, "दार हळू लावा."

मिस्त्रींनी पंपाच्या किटसकट अठराशे रुपये घेतले. जाताना गाडीला पथ्य सांगितलं. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास रस्त्यावर न्यायची. नुसती जागेवर सुरू करून बंद करायची नाही. तेवढ्यात बॅटरी भरत नाही आणि इंजिनही नीट तापत नाही. योगायोग असा, की अण्णांच्या गुडघ्यांसाठी डॉक्टरांनी वर्षभरापूर्वी जवळजवळ हेच लिहून दिलं होतं. ते त्यांनी ऐकलं नव्हतं. मिस्त्रींचं ऐकलं.

नोंदणी ३१ मार्चच्या आत झाली. चार हजार चारशे वाचवायला एकूण साडेनऊ हजार लागले. हे गणित मी हिला अजून सांगितलेलं नाही, पण तिने ते केव्हाच केलेलं आहे. भंगारवाल्याच्या नंबराच्या कागदावर मागच्या बाजूला तिच्या अक्षरात बेरीज होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निघून गेली. अण्णांनी ती बातमी मोठ्याने वाचून दाखवली आणि लगेच किल्ली मागितली. वार रविवार नव्हता, तरी ते गाडीला एक फेरी मारून आणले. शेजारी मी होतोच. सूचना मीच ऐकतो.

गेल्या वर्षी जोशीकाका मुलाकडे अमेरिकेत तीन महिने राहून आले. त्यांची नवी कोरी गाडी, जिच्यात कॉम्प्युटर आहे आणि जी सगळ्या सिस्टिममध्ये येते, ती बटण दाबून सुरू होईना. पडद्यावर अक्षरं उमटत होती, पण गाडी ढिम्म. सोसायटी जमली. एकाने सॉफ्टवेअर म्हटलं, दुसऱ्याने सेन्सर. गर्दीतून वाट काढत अण्णा पुढे गेले, टायरला न ठोकता उभे राहिले आणि गंभीरपणे विचारते झाले, "किती दिवस उभी आहे?"