माफीची घाई कुणाला?

चार वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतल्या एका ताईच्या नवऱ्याचे बाहेरचे संबंध उघड झाले. विहारात बैठक बसली. ताईला विचारण्याआधीच निर्णय झाला : 'झालं गेलं विसर, पोरांकडे बघ.' हे बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. समाजशास्त्रात एम.ए. केलेले, स्त्रीमुक्तीवर भाषणे ठोकणारे आम्ही! ताईने मान हलवली. पुढे वर्षभर तिला झोप नव्हती. ती नवऱ्याचा मोबाईल तपासायची आणि लोक तिलाच संशयी म्हणायचे. माफीच्या नावाखाली आम्ही तिला गप्प बसवले होते.

समुपदेशनाचे शास्त्र वाचल्यावर आमची चूक कळली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांच्या पद्धतीत आधी राग आणि जखम उघड करायची. मग माफ करायचे की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे. समोरच्याला समजून घेण्याचे काम त्यानंतर. गॉर्डन, बॉकॉम आणि स्नायडर यांनी अशा जोडप्यांसाठी तीन टप्पे मांडले : आघातातून सावरणे, हे का घडले ते समजून घेणे आणि मग एकत्र राहायचे की वेगळे व्हायचे ते ठरवून पुढे जाणे. म्हणजे माफ करूनही वेगळे होता येते. आम्ही मात्र शेवटची पायरी पहिल्याच दिवशी मागितली.

कायदाही बघा. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने कलम ४९७ रद्द केले, त्यामुळे व्यभिचार आता गुन्हा नाही. पण घटस्फोटाचे कारण आहेच. बौद्धांनाही लागू असलेल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचे कलम २३ सांगते की, जोडीदाराचा व्यभिचार माफ केला असेल तर त्या कारणावर घटस्फोट मिळत नाही. बैठकीत घाईने लिहून घेतलेला समझोता उद्या कोर्टात ताईच्याच विरोधात जाऊ शकतो. हे तिला कुणी सांगितले होते?

काहीजण लगेच मैत्री-करुणेचा दाखला देतात. पण पंचशीलातले तिसरे शील मोडले नवऱ्याने, मग करुणेची परीक्षा एकट्या बायकोची का? जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी बायकांना सांगितले होते की, नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभ्या राहा, गुलाम होऊ नका. ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या 'हो'ला माफी कसे म्हणायचे?

आता आम्ही बैठकीआधी ताईला एकटीला भेटतो. मारहाण होते का? हातात पैसे आहेत का? रक्ततपासणी केली का? मारहाण असेल तर दोघांना समोरासमोर बसवत नाही. नसेल, तर नवऱ्याला आधी विचारतो : ते संबंध थांबवलेस का? तिच्या प्रश्नांची खरी उत्तरे देशील का?

गेल्या वर्षी त्या ताईकडे जाऊन आम्ही आमच्या चुकीची माफी मागितली. तिने चहा ठेवला आणि म्हणाली, "बघू. घाई करू नका."

जय भीम!