पाच धावा

भारत-पाकिस्तान सामना असला की आमच्या दुकानात कुणीतरी हमखास विचारतं, "काय भाई, आज कोणाकडून?" विचारणारा हसत असतो. अब्बाही हसतात. मी गल्ल्यातली चिल्लर मोजायला लागतो. उत्तर ठरलेलं आहे, पण ते दर वेळी द्यावं लागतं, याचा मला कंटाळा आहे. म्हणून तसले सामने मी घरीच बघतो, दार लोटून.

21 डिसेंबर 2017 च्या सकाळी मात्र मी दुकानातच होतो. कोलकात्यात ईडन गार्डन्सवर रणजी करंडकाची उपांत्य फेरी, विदर्भ विरुद्ध कर्नाटक, शेवटचा दिवस. विदर्भ तोवर एकदाही अंतिम फेरीत गेला नव्हता. आमच्या भागाचं नाव पेपरात येतं ते दुष्काळ, उष्माघात नाहीतर नागपूरच्या अधिवेशनामुळे. क्रिकेटसाठी कोण विचारतो?

पहिल्या डावात आपण 185 वर गारद झालो होतो. करुण नायरने 153 काढले आणि कर्नाटकाने 116 धावांची आघाडी घेतली. तिथेच सामना संपला, असं मी धरून चाललो होतो. पण दुसऱ्या डावात गणेश सतीशच्या 81 धावांच्या आधारावर आपण 313 पर्यंत गेलो. गणेश सतीश मूळचा कर्नाटकचाच, ही त्यातली गंमत. कर्नाटकाला 198 हवे होते. चौथ्या दिवशी संध्याकाळी ते 7 बाद 111 वर होते.

म्हणजे 3 गडी आणि 87 धावा. भंडाऱ्यात थंडी मरणाची होती. शेजारचे काका तांब्याची घागर पुसायची सोडून आमच्या पायरीवर येऊन बसले. मोबाइल माझा, चष्मा त्यांचा. स्कोअरचं पान एकदा अडकलं की दोघांचाही जीव टांगणीला.

रजनीश गुरबाणीने विनयकुमारला बाद केलं, 8 बाद 141. काका म्हणाले, "झालं आता." मग मिथुन आला आणि सुटला. दुसऱ्या बाजूने श्रेयस गोपाल हलायला तयार नाही. 150, 160, 175. चहा आला तो तसाच निवला. काका पुटपुटले, "काहून चेंडू टाकून राहिले बे असे?" आत अब्बा गिऱ्हाइकाला गुंड दाखवत होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "कितना हुआ?"

189 वर मिथुन गेला. तोही गुरबाणीलाच. आता 9 धावा, 1 गडी. मी मनात दुआ करत होतो, काका उघड देवाचं नाव घेत होते. कर्णधार फैज फजल, संघात 39 वर्षांचा वसीम जाफर, गोलंदाज गुरबाणी, तोही सिव्हिल इंजिनिअर. यातलं कोण कोणाचं, हा हिशोब त्या सकाळी पायरीवर कुणी मांडला नाही. मला ते नंतर रात्री जाणवलं.

192 वर अरविंद बाद झाला. गुरबाणीचे डावात 7, सामन्यात 12 बळी. विदर्भ 5 धावांनी जिंकला. काकांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की मोबाइल पायरीवरून खाली पडला. काच तडकली. ती मी पुढचं वर्षभर तशीच वापरली.

पुढे इंदूरला दिल्लीला 9 गड्यांनी हरवून विदर्भाने करंडक आणला, ते सगळ्यांना माहीत आहे. त्या दिवशी मात्र अब्बा गुंड कागदात गुंडाळत म्हणाले,

"फायनल कधी?"

"29 पासून."

त्यांनी बोटांवर मोजलं. "जुम्मा आहे. नमाजला जाशील तेव्हा मोबाइल काकांकडे ठेवून जा. आल्यावर स्कोअर सांगतील."

काका म्हणाले, "चार्ज करून आण म्हणा फक्त."